वळणाऱ्या चेंडूची खूण

रस टॅकेटनं तोंडातल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली ती नेमकी पाहुण्याच्या चकचकीत बुटांपाशी. बूट मागे सरकले नाहीत, याचाही त्याला राग आला.

"बसू का इथं?" पाहुण्यानं विचारलं.

"बाकडं काही माझ्या बापाचं नाही."

पीट हॅनराहन बसला. कालपरवापर्यंत हा माणूस गॅल्व्हेस्टनच्या बड्या बेसबॉल संघाचा सर्वेसर्वा होता. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला घरी धाडायचं, सगळं याच्या शब्दावर. मग भांडं फुटलं. मैदानाच्या टोकाला लपवलेला कॅमेरा समोरच्या कॅचरनं आपल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कोणता चेंडू टाकायचा ते सांगायला केलेल्या बोटांच्या खुणा टिपायचा. आतल्या बोळात बसलेला माणूस त्या पडद्यावर वाचायचा आणि वळणारा चेंडू येणार असला की बोळाचं लोखंडी दार आपटायचा. दार वाजलं नाही तर सरळ, वेगाचा चेंडू. पुढं काय येतंय हे आधीच कळल्यावर फलंदाजाला आणखी काय हवं? चौकशीत हॅनराहननं शपथेवर सांगितलं, की हे खालच्यांनी परस्पर केलं, मला गंधही नव्हता. तरी त्याची उचलबांगडी झालीच. आता कोणी दारात उभं करेना, तेव्हा स्वारी कॅन्ससमधल्या सॉल्ट फोर्कला आली होती, बसनं गावोगाव हिंडणाऱ्या संघाकडं नोकरी मागायला.

संघाची मालकीण मॅरिबेथ ओडेल. नवऱ्यामागं त्याची धान्याची कोठारं आणि हा संघ दोन्ही तीच सांभाळत होती. सकाळीच तिनं संघाच्या कोचला, म्हणजे रसला, कॉफी ओतता ओतता सांगून टाकलं होतं.

"आपण तळाला आहोत, रस. मला डोकं असलेला माणूस हवाय, आणि हा जवळजवळ फुकट यायला तयार आहे. पण तू नको म्हणालास तर नको. तुझा तेवढा हक्क आहे."

हक्क होता खरा. वरच्या पातळीवर रसला पिचर म्हणून सगळा मिळून एक उन्हाळा खेळायला मिळाला होता. गॅल्व्हेस्टनमध्ये त्यांच्याविरुद्ध खेळताना एका संध्याकाळी त्याचा वळणारा चेंडू फलंदाजांनी असा कुंपणापार धाडला, जणू ते त्याचीच वाट बघत उभे होते. रसला वाटलं, आपल्या हातातलं कसबच गेलं. त्यानं पकड बदलली, हात फिरवायची तऱ्हा बदलली आणि त्या नादात खांदा कायमचा गमावला. पुढं कॅमेऱ्याची बातमी आली तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो रडला होता. बरं वाटून रडला होता. म्हणजे आपल्यात खोट नव्हती! तेव्हापासून तो त्याच एका गोष्टीवर तगून होता.

आणि आता तो माणूस शेजारी बसला होता, आफ्टरशेव्हचा वास मारत.

"मी माफी मागायला आलोय," हॅनराहन म्हणाला.

"कशाची? तुला तर काही ठाऊकच नव्हतं."

"जबाबदारी माझीच होती."

"जबाबदारी! असले शब्द वकील विकत देतात की भाड्यानं?"

हॅनराहन समोर बघत होता. तिथं एल्वीन पेगेरो दर वेळी चेंडूची पकड ग्लव्हमध्ये लपवून सरावाचे चेंडू टाकत होता. सँटो डोमिंगोहून आलेला हा पिचर, हातात ताकद बैलाची, तरी येईल तो फलंदाज त्याला बडवून काढत होता. शनिवारी पुन्हा मार खाल्ला तर त्याचं घरचं तिकीट काढायचं, असं ठरलं होतं. रसनं त्याच्यासाठी सगळे उपाय करून बघितले होते. काही म्हणजे काही लागू पडत नव्हतं.

"तुमचा एल्वीन खूण देतोय," हॅनराहन हळूच म्हणाला.

"काय?"

"त्याचा ग्लव्ह बघा. वळणाऱ्या चेंडूची पकड घ्यायला बोटं आत फिरवतो, तेव्हा ग्लव्ह फुलतो. सरळ टाकायचा असला की मिटलेला. लांबूनही दिसतंय."

ग्लव्ह फुलला. चेंडू वळला. पुढच्या वेळी मिटलेला राहिला, आणि चेंडू सरळ गेला. रस चघळायचा थांबला. इतके दिवस तो एल्वीनचं कोपर बघत होता, खांदा बघत होता, पाय बघत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा दाखवला कोणी, तर यानं.

"हे नुसत्या डोळ्यांनी बघितलं," हॅनराहन म्हणाला. "यात चोरी नाही."

"नाही," रसला म्हणावं लागलं. डोळ्यांना दिसेल ते उचलायचं, हा तर खेळच होता. त्याला कोणी नावं ठेवत नव्हतं.

"तुम्हीही हेच करायचात."

रसनं मान वळवली.

"त्या संध्याकाळी आमचा पहिलाच फलंदाज परत येऊन म्हणाला, याचा ग्लव्ह बघा. दार आपटायची वेळच आली नाही. आणि आपटणार कसं? दुपारीच कॅमेऱ्याची तार जळली होती. पडदा बंद होता."

"खोटं बोलतोयस."

"खोटंच बोलायचं असतं तर तुम्हाला गोड लागेल असं बोललो असतो."

रस उठून उभा राहिला. कानशिलं तापली होती. याला एक ठेवून द्यावी असं त्याला फार वाटलं. मग काहीतरी आठवून तो थांबला.

"तार कधी जळली म्हणालास?"

"दुपारी. सामन्याच्या—"

हॅनराहन मध्येच थांबला.

"शपथेवर म्हणाला होतास, कॅमेरा आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि तार कोणत्या दुपारी जळली ते बरं ठाऊक!"

हॅनराहननं बुटाच्या टोकानं टरफलं बाजूला सारली.

"दुरुस्त करा म्हणून मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "हे आजवर कोणापाशी बोललो नव्हतो."

"मग वर ऑफिसात जा आणि मॅरिबेथपाशी बोल."

"बोललो तर ठेवतील मला?"

"मला काय विचारतोस!"

हॅनराहन उठला, पण वर गेला नाही. कुंपणापलीकडं लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसला.

रसनं खेळाडूंच्या खोलीत जाऊन जुना ग्लव्ह काढला, डाव्या हातात चढवला आणि खिडकीच्या काचेसमोर उभा राहिला. चेंडू नव्हता, तरी बोटांनी वळणाऱ्या चेंडूची पकड बरोबर घेतली. काचेतला ग्लव्ह फुलला. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा फुलला. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, कोणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. या माणसानं आपल्याला लुटलं, एवढी एक गोष्ट त्याच्यापाशी उरली होती. आज तीही हॅनराहननं काढून नेली.

ग्लव्ह तसाच हातात ठेवून तो मैदानात गेला आणि एल्वीनचा ग्लव्ह पकडून मिटला.

"असाच ठेव. बोटं आत काय करतात ते देवालासुद्धा दिसता कामा नये."

फलंदाजी करायला उभे राहिलेले दोघे हवेत बॅट फिरवून परत गेले. तिसरा तर गुडघ्यावरच आला. एल्वीन खदखदून हसला.

"कोच, इतके दिवस कुठं होतात?"

"तुझ्या कोपरात," रस म्हणाला. तो स्वतः मात्र हसला नाही.

मॅरिबेथ कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. लग्न होऊन या गावात आल्यापासून ती त्याच जागी उभी राहून पिचर बघत आली होती.

"तो गाडीत बसलाय," ती म्हणाली. "काय सांगू?"

"खोटारडा आहे. त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. माझ्यापाशी कबूल केलंय त्यानं."

"तुझ्यापाशी? आपण होऊन?"

"तोंडातून निसटलं."

"मग नाही म्हणून सांगते."

"सांगा."

ती चार पावलं गेली आणि परत फिरली.

"एल्वीनचं काय केलंस पण? एका दुपारीत माणूस बदलला."

"ग्लव्ह उघडत होता. वळणारा कधी येणार ते सगळ्यांना दिसत होतं."

"अगं बाई! आणि इतके दिवस कोणाला दिसलं नाही? आज कोणाच्या लक्षात आलं?"

कुंपणापलीकडं हॅनराहन गाडीची काच खाली करून बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो इकडंच बघत होता.

"माझ्या," रस म्हणाला.

मॅरिबेथ त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती बघत होती त्याच्या डाव्या हाताकडं, म्हणून रसनंही खाली बघितलं. ग्लव्ह उघडला होता.