गोपिकाबाईंसाठी प्रार्थना

“भीमाबाई, आजची प्रार्थना तुम्ही करा,” पाळकसाहेब म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

भीमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर खाटेवर गोपिकाबाई पडल्या होत्या. अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी, तोंड वाकडं. नागपुरातल्या जरीपटका वस्तीच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीची रीत अशी, की आजाऱ्याच्या घरी सभा भरली आणि पाळकांनी ज्याचं नाव घेतलं, त्यानं गुडघे टेकून प्रार्थना करायची. नाही म्हणायचं नाही. पण माणसांचा काय दुष्काळ पडला होता?

याच बाईनं भीमाबाईंच्या नवऱ्याला जिवंतपणी मारलं होतं. रुपराव देवळाची घंटा वाजवायचे, प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी प्यायचा रस मनुका उकळून काढायचे. एकाहत्तरच्या मे महिन्यात, नागपूरच्या भट्टीसारख्या उन्हाळ्यात, रस रातोरात आंबला. गोपिकाबाईंनी पेला तोंडाला लावला आणि भर देवळात सांगितलं, यानं मोहाची दारू मिसळली. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला माणूस. मंडळीच्या पंचांनी साधी चौकशीही केली नाही, घंटेची दोरी दुसऱ्याच्या हाती दिली. रुपराव हूं की चूं न करता शेवटच्या बाकावर बसू लागले, आणि गेल्या हिवाळ्यात वारले.

वरून ते रोज याच बाईसाठी प्रार्थना करायचे.

“तिच्यासाठी काहून?” भीमाबाई तडकायच्या.

“मोशेची बहीण मिर्याम त्याच्याच विरुद्ध बोलली, तिले कोड फुटलं. तरी मोशेनंच देवाले विनवलं ना वं, हिले बरी कर म्हणून.”

“तुमी का मोशे लागून गेले?”

रुपराव नुसते हसायचे. त्या हसण्याचाही भीमाबाईंना संताप यायचा.

आता उठून चालतं व्हावं असं त्यांना वाटलं. पण नाव घेतलं गेलं होतं. त्यांनी गुडघे टेकले. एकदा प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कुणी मधे बोलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग जिभेला लगाम राहिला नाही.

“देवा, या बाईनं माह्या माणसाले दारुड्या ठरवलं. रस गरमीनं आंबला होता, तुले माहीत हाय. हे पंच इथंच बसून हायेत, एकानंही तोंड उघडलं नाही. माहा माणूस मान खाली घालून मेला. मले हिची दया येऊन नाही राहिली. तुयासमोर खोटं काहून बोलू?”

कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब चुळबुळले.

“पण तो रोज हिच्यासाठी मांगे. आता मांगाले तो नाही, म्हणून मी मांगते. हिले बरी कर. हिचा हात उठू दे, हिची जीभ सुटू दे.”

भीमाबाई थांबल्या. रागाच्या भरात आमेन त्यांना म्हणवेना. दुसरं कुणी म्हणेना. आमेन म्हणजे तसंच असो, आणि जे बोललं गेलं ते सगळं कबूल करायची पंचांची छाती नव्हती.

खाटेवर घशातून घरघर झाली. वाकड्या ओठांतून लाळ गळत होती. शब्द एकदा अडला, पुन्हा जुळवावा लागला.

“आ... मेन,” गोपिकाबाई म्हणाल्या.

भीमाबाईंनी डोळे उघडले. राग तसाच होता. पण जिनं आरोप केला तिनंच आमेन म्हटल्यावर पंचांनाही ते म्हणावं लागलं, एकेकाला, भीमाबाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत असताना.