दुपट्याखालची छिन्नी

मित्रांनो, मला उचलण्याआधी हात कोरडे करून घ्या. ओल्या हातांवर माझा मुळीच भरवसा नाही. मी एक जुनी छिन्नी आहे, आणि ओलाव्याची धास्ती काय असते ते लोखंडाच्या जातीलाच ठाऊक. गंज कधी दार वाजवून येत नाही. तो गुपचूप येऊन बसतो आणि आपल्याला कळते तेव्हा धार गेलेली असते. म्हणून मी जन्मापासून संशयी. माझा हा स्वभाव तुम्हाला आवडला नाही, तरी माझी हकिकत ऐकून घ्या. संशयापायी माणसाचे काय होते, ते मी अगदी जवळून, म्हणजे एका बाळाच्या दुपट्याखालून पाहिले आहे.

राधानगरीच्या रस्त्यावर एक लोहार होता. त्याने मोडक्या पहारीच्या टोकापासून मला घडवले. लाल होईपर्यंत तापवले, ठोकठोक ठोकले आणि शेवटी पाण्यात बुडवले. मी अशी काही चरचरले, की पाण्याशी माझे जे वाकडे आले ते आले. मला विकत घ्यायला आला तो आकाराम पाथरवट. त्याने मला नखावर टेकवून पाहिले, दगडावर मारून पाहिले, मग डोळे बारीक करून लोहाराला विचारले, "लोखंड चोरीचं न्हाय न्हवं?" लोहार भडकला. मला मात्र हा माणूस तिथेच आवडला. आमचे गोत्र एक होते.

आकाराम पाटे, वरवंटे आणि उखळे घडवायचा. कुठलाही दगड हाती घेतला, की आधी माझ्या टोकाने त्याला चार ठिकाणी वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे असे समजून बाजूला सारायचा. "दगड लई आतल्या गाठीचा असतोय," असे तो म्हणायचा. माणसांनाही तो असाच वाजवून बघायचा, फक्त मला न वापरता. गावोगावच्या बायका गुळगुळीत झालेले पाटे टाकवून घ्यायला त्याच्याकडे आणायच्या. मी त्या पाट्यांवर बारीक बारीक घाव घालत जायचे आणि खडबडीत झालेल्या पाट्यावर चटणी कशी चरचरीत वाटली जायची! खंडेनवमीला त्याची बायको धोंडुबाई मला हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहायची. "हिच्यामुळं चूल पेटतीया आमची," असे शेजारणींना सांगायची. ते ऐकून मी दिवसभर चमकत राहायचे.

मग घराघरांत मिक्सर आले. मला त्या यंत्राचा पहिल्यापासून संशय होता. घुर्रर्र करून कोपऱ्यात बसणारे आणि वीज गेली की हात वर करणारे ते यंत्र! पण बायकांना ते आवडले. पाटे अंगणात गेले, मग न्हाणीघरात कपडे धुवायला गेले. आकारामकडे येणारी माणसे कमी झाली आणि मी गोणपाटात गुंडाळली गेले. गोणपाट दमट असते हे तुम्हाला सांगायला नकोच. त्या दिवसांत मी फार उदास होते.

आकारामची एकुलती एक मुलगी पूर्णिमा. तिचे लग्न सयाजीशी झाले. सयाजी बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला होता. मनाने चांगला, पण तोंडाने फटकळ आणि जुन्या समजुतींचा कट्टर वैरी. दोन हजार साली पूर्णिमाला मुलगा झाला, त्याचे नाव आदर्श. बारशाला धोंडुबाईने नातवाच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बांधला. बिब्बा उतला. बाळाच्या कोवळ्या मनगटावर फोड उठले आणि ते रात्रंदिवस रडले. सयाजीने दोरा तोडून फेकला आणि सगळ्यांसमोर सांगितले, "मामी, ह्येच्याफुडं असलं काय बाळाजवळ दिसलं, तर पूर्णिमा आन् बाळ म्हायेरला येणार न्हाईत. आत्ताच सांगून ठेवतो." त्याचेही काही चुकले नव्हते. पण धोंडुबाईच्या काळजात ते वाक्य रुतून बसले.

पुढच्या हिवाळ्यात सयाजी मित्राची जीप घेऊन सासुरवाडीला आला. कोकणात समुद्रकाठी कातळबाग नावाची एक जागा आहे. तिथे खडकांना आपोआप हत्तीचे, छत्रीचे, माणसांचे आकार आले आहेत, असे त्याने पेपरात वाचले होते. "मामा, जन्मभर दगडं फोडलासा," तो म्हणाला, "आता जरा न फोडता बघा की!" आकाराम हसला, पण त्याचे डोळे बारीक झाले. "आपोआप? आपोआप कसं हुईल?"

धोंडुबाईला वेगळीच चिंता लागली. कोकण म्हटले की तिच्या डोळ्यांसमोर भुतेच उभी राहायची. तान्ह्या बाळाला घाट उतरून न्यायचे आणि उशाशी लोखंड नाही, हे तिला पटेना. सुरी ठेवावी तर धार, विळा ठेवावा तर मोठा आणि अडकित्ता नवऱ्याच्या चंचीत. शेवटी तिने गोणपाट सोडले. माझे टोक आता बोथट झाले होते. तिने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी माझ्या कमरेला गुंडाळून गाठ मारली आणि बाळाच्या पिशवीत दुपट्यांच्या खाली मला सरकवले. सरकवताना तिने तीनदा मागे वळून पाहिले. मला तेव्हाच वाटले, हे काही सुखासुखी पार पडणार नाही.

दाजीपूरचे जंगल गेले, फोंडा घाट उतरला आणि हवेत मिठाचा वास आला. मित्रांनो, लोखंडाला तो वास म्हणजे काय वाटत असेल! मी चिंधीत अंग चोरून बसले. पिशवीच्या तोंडातून जेवढे दिसले तेवढे सांगते. काळेतांबडे खडक समुद्राकडे तोंड करून उभे होते. एकाची मान बारीक आणि डोके पसरट, जसे छत्री उघडून कोणी उभे आहे. एकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकेच भोके. एक हत्ती सोंड पाण्यात बुडवून बसलेला. आणि सगळ्यांत पुढे, गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक वाकलेली म्हातारी. दारातल्या फलकावर लिहिले होते, की ही शिल्पे वारा, लाटा आणि खारे पाणी यांनी घडवली आहेत. पूर्णिमाने ते मोठ्याने वाचून दाखवले.

"शिल्पं म्हणत्यात आन् कारागीर न्हाय व्हय?" आकाराम म्हणाला. "मला काय दूधखुळा समजत्यात?"

आणि तो कामाला लागला. प्रत्येक खडकाच्या खालच्या बाजूने हात फिरवायचा, कुठे घावाची खूण लागते का ते चाचपायचा, कान लावून बोटाने टकटक करायचा. छत्री झाली, हत्ती झाला. एकही घाव सापडेना, तसा त्याचा संशय आणखी वाढत गेला. इकडे त्याच्यावर दुसराच एक माणूस डोळा ठेवून होता. बाबल नावाचा तिथला रखवालदार, गळ्यात शिट्टी अडकवून, आमच्या मागे मागे येत होता. आकाराम थांबला की तो थांबायचा. आकाराम खडकावर संशय घेत होता आणि बाबल आकारामवर.

आम्ही म्हातारीपाशी पोचलो तेव्हा बाबलचे लक्ष वर गेले आणि तो ओरडलाच. म्हातारीला नाक नव्हते! नाकाच्या जागी दगडाचा ताजा फिकट डाग दिसत होता. त्याच क्षणी बाळाने दुपटे ओले केले. पूर्णिमाने घाईने पिशवीतून कोरडे दुपटे ओढले आणि मी खण्णकन कातळावर पडले.

त्या आवाजासरशी सगळी माणसे आमच्याकडे वळली.

बाबलने मला उचलले. "ओ पावणे, ह्यां काय हा?" तो आकारामपुढे मला नाचवत म्हणाला. "मगासपासून बघतंय, प्रत्येक दगडाक हात लावतास. म्हातारेचा नाक खंय गेला ता आता माका कळला! चला हापिसात."

आकारामला काहीच उमजेना. मला त्याने घरी गोणपाटात ठेवले होते. त्याने बाबलच्या हातातल्या माझ्याकडे पाहिले, मग माझ्या अंगावरच्या चिंधीकडे पाहिले. ते लुगडे त्याने स्वतःच कोल्हापुरातून आणले होते. त्याने हळूच धोंडुबाईकडे नजर टाकली. ती तोंडात पदर कोंबून उभी होती. सगळे त्याच्या ध्यानात आले. बिब्बा आठवला, जावयाचा शब्द आठवला.

"माझीच हाय," आकाराम म्हणाला. "मीच आणलीया."

मित्रांनो, मला त्या वेळी तोंड हवे होते. नुसती खणखण करून काय उपयोग?

"मामा, कशाला आणलासा?" सयाजीचा आवाज चढला. भोवतालची माणसे टकमका बघत होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. "सकाळधरनं बघतोय मी, दगडांला चाचपत हिंडतायसा. अवो, एक दिवस तरी हात आवरायचं हुतं!"

म्हणजे जावयालाही ते खरे वाटले होते. आकारामने मान खाली घातली. ज्याने आयुष्यात दुसऱ्याच्या शेतातला दगड विचारल्याशिवाय उचलला नव्हता, तो माणूस चोरासारखा उभा होता. "चला," तो बाबलला म्हणाला आणि चालू लागला. सयाजी पूर्णिमाला म्हणाला, "तू बाळाला घेऊन गाडीत बस."

तेवढ्यात धोंडुबाईने तोंडातला पदर काढला.

"थांबा! त्यांनी न्हाय आणली. म्या ठेवली ती, बाळाच्या दुपट्याखाली. लोखंड असावं म्हणून. त्यांला ठावंबी न्हाय." सयाजीसमोर येऊन तिने हात जोडले. "जावईबापू, तुमी सांगितल्यालं मी मोडलं. आता पोरीला धाडू नगासा, माझी हरकत न्हाय. पर ह्या मानसाला चोर म्हनू नगा."

आकाराम पाठमोरा थांबला होता. त्याने वळून पाहिलेही नाही, फक्त धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. पूर्णिमा बाळाला घट्ट धरून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

गलका ऐकून कार्यालयातले साहेब खाली आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबल, ते नाक गेल्या अमावास्येच्या उधाणात पडलं. तुकडा मी कार्यालयात ठेवलाय. तू भावाच्या लग्नाला सुट्टीवर होतास, आजच कामावर आलायस." बाबल ओशाळला. शिट्टी तोंडात धरून उगीच तिचे टोक चावू लागला. मग धोंडुबाईजवळ जाऊन हळूच म्हणाला, "आजये, राग मानू नको. आमच्या घराक पण बाळाच्या उशाक कोयती आसता."

त्याने मला पुढे केले. धोंडुबाईचा हात काही उठेना. मला सयाजीने घेतले. आता हा मला समुद्रात भिरकावणार, अशी माझी खात्रीच होती, आणि खाली खारे पाणी खळखळत होते. पण सयाजीने खिशातला रुमाल काढला, माझ्या अंगावरचे खारे शिंतोडे पुसले आणि अंगठ्याने माझे टोक तपासले. तो जीपपर्यंत गेला. पूर्णिमाने बाळाला मागच्या सीटवर निजवले होते. सयाजीने दुपट्याची कड उचलून मला खाली सरकवले आणि सासूकडे न बघता म्हणाला, "टोक पायाकडं करून ठेवत जावा, मामी. डोस्क्याकडं नगं."

धोंडुबाई तिथेच जीपच्या पायरीवर बसून रडली. सयाजी मग आकारामसमोर जाऊन उभा राहिला. "मामा, मी चुकलो," एवढेच म्हणाला. आकारामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण परतीच्या वाटेवर, घाट अर्धा चढल्यावर, तो अचानक म्हणाला, "ते समदं खरं. पर म्हातारी घडीवली कुनी? वारा आन् पानी म्हणं! एवढं बारीक काम?" सगळी जीप हसली. तो मात्र हसला नाही.

आकाराम शेवटपर्यंत त्या प्रश्नावर अडून राहिला. त्याच्या मागोमाग धोंडुबाईही गेली. मी बिद्रीला आदर्शच्या पाळण्यात होते, पाळणा निघाल्यावर माळ्यावर गेले. तिथे मला कोणी विचारले नाही. गंज आला, अगदी त्याच्या रीतीप्रमाणे, गुपचूप.

यंदा आदर्श चौथीत आहे आणि त्याच्या शाळेची सहल कातळबागेला निघाली आहे. काल सयाजी स्टुलावर चढला, मला खाली काढले, रॉकेलने घासले आणि खोबरेल लावले. पूर्णिमा बघत नाही ना, अशी दोनदा खात्री केली आणि मला मुलाच्या दप्तरात तळाशी ठेवले. मग आदर्शला जवळ घेऊन म्हणाला, "कुनी इचारलं, तर खरं काय ते सांग. आज्जीची हाय म्हण."

तर मित्रांनो, मी आता एसटीत आहे आणि शेजारच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण मला काही नीट लागलेले दिसत नाही. तुम्हीही कधी त्या खडकांकडे गेलात, तर त्यांच्यावर आपली नावे कोरू नका. माझ्या भाऊबंदांना असल्या कामाला जुंपू नका. घरातले जुने हत्यार पुसून, तेल लावून ठेवा. आणि कोणाचा संशय आला, तर आधी त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.

मिठाचा वास येऊ लागला आहे. म्हातारी आता जवळच असणार. या खेपेला आकारामच्या वतीने मी तिला एकदा नीट बघून घेणार आहे.