तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

बॅगांच्या त्या कारखान्यात मावशींनी कातडं कापायच्या टेबलापाशी एकोणीस वर्षं काढली होती. सगळे त्यांना मावशीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला रखवालदारसुद्धा. कटिंग विभाग त्याच चालवत, पण प्रमुख म्हणून त्यांचं नाव कधी कागदावर चढलं नाही. आता एका परदेशी बाईंनी कारखाना विकत घेतला होता आणि त्या स्वतः मुलाखती घेऊन प्रमुख नेमणार होत्या. मावशींना ती जागा हवी होती. आठ दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

भिस्त होती ती पाहुण्यावर. पाहुणा म्हणजे नव्या मालकीणबाईंच्याच देशातला कारागीर, वर्षापूर्वी इथे कामाला लागलेला. तेव्हा बायका त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. बोलताना तो अंगावर आल्यासारखा पुढे सरके, काही मागायचं तर बोट नाचवी. मावशींनी त्याला हाताशी धरलं. बायकांशी बोलताना टेबलाच्या पलीकडे थांबायचं. मागताना बोट नाही, पंजा पुढे करायचा. मोठ्यांची माफी मागताना हात छातीवर, मान खाली, आणि समोरचं माणूस बोलेपर्यंत मान वर करायची नाही. दोन महिन्यांत तो सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला.

मुलाखत ठरली तशा मावशी म्हणाल्या, "आता तू मला शिकव बाबा. तुमच्याकडे मोठ्या माणसासमोर कसं वागतात?"

"डोळ्यांत बघायचं नाही, मावशी. उद्धट वाटतं," पाहुणा म्हणाला. "आणि जागा देऊ केली की लगेच हो म्हणू नका, हावरटपणा दिसतो. दोनदा गप्प बसायचं. तिसऱ्यांदा विचारलं की हो."

मावशींनी घरी नवऱ्याला समोर बसवून सराव केला. "लग्नाला होकार देताना एवढी लाजली नव्हतीस," नवरा म्हणाला.

मुलाखतीत त्यांनी टेबलाच्या कडेवरून नजर हलवली नाही. जागा घ्याल का, असं मालकीणबाईंनी दुभाष्या मुलीकरवी विचारलं. मावशी गप्प. जरा थांबून पुन्हा विचारलं. मावशी गप्पच, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण आता एकदाच विचारायचं उरलं होतं. मालकीणबाईंनी वही मिटली आणि आभार मानले.

त्या बाहेर आल्या तर बाकावर पाहुणा बसलेला, इस्त्रीच्या शर्टात. अर्ज केल्याचं तो एका शब्दाने बोलला नव्हता. त्यांच्याकडे न बघता तो आत गेला. काचेतून सगळं दिसत होतं. त्याने टेबलावर कोपरं टेकली, मालकीणबाईंच्या डोळ्यांत रोखून बघितलं आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं. दोघं हसली.

नंतर दुभाषी मुलगी हळहळत मावशींपाशी आली. "बोलला का नाहीत तुम्ही? नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवतो, असं समजतात त्या लोकांत. आणि उत्तर नाही म्हणजे नकार."

"तिसऱ्यांदा विचारत नाहीत?"

"दोनदा विचारलं हेच जास्त झालं, मावशी."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागा गेली याचं दुःख होतंच. पण माणूस चुकून काही सांगतो, विसरून काही सांगतो. याने शांतपणे, मोजून खोटं सांगितलं होतं. आणि ते आपण घोकून पाठ केलं, याची त्यांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्रमुख विभागात आला. गोष्ट एव्हाना सर्वांना कळली होती. एकाही बाईने सुरीला हात लावला नव्हता. पाहुणा थेट मावशींच्या टेबलापाशी आला, पलीकडेच थांबला. हात छातीवर ठेवून त्याने मान खाली घातली. त्यात कुठे काही चुकलं नव्हतं, कारण शिकवणारीने काही हातचं राखलं नव्हतं.

सगळा विभाग बघत होता आणि मान कधी वर करायची हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

मावशींनी कातडं पसरलं, त्यावर साचा ठेवला आणि तोंडातून चकार शब्द न काढता कापायला सुरुवात केली.