धोतरं, फेटे आणि एक निळं लुगडं

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोर म्हटल्यावर तुम्ही काथ्याचा समजाल. मी कापडाचा आहे. माझ्यात धोतरं आहेत, फेटे आहेत, कुणाच्या आजीचं लुगडं आहे आणि एका सुभेदाराचा कमरबंदसुद्धा आहे.

इंदूरहून हातोदकडे जाताना आमचा तलाव लागतो. त्याच्या घाटावर मराठी घरांनी पोहणाऱ्यांचं मंडळ काढलं. ही घरं होळकरी फौजेबरोबर आणि दफ्तरांबरोबर माळव्यात आलेली. मंडळाची रीत एकच होती. नव्या सभासदाने घरचं वापरलेलं सुती कापड आणायचं आणि घाटावर बसून त्याचा पीळ माझ्यात भरायचा. ज्याचं कापड दोरात, तो मंडळात. कुणी बुडायला लागलं की मला पाण्यात फेकत.

पाण्याचं मला आजही नवल वाटतं. कोरडा असताना मी नुसत्या चिंध्या. भिजलो की माझा प्रत्येक धागा शेजारच्याला असा धरतो की फेटा कुठला आणि धोतर कुठलं, माझं मलाच कळत नाही.

घाटाच्या पलीकडे भोयांची घरं होती. त्यांचे पूर्वजही त्याच फौजेबरोबर आले होते, पालख्या खांद्यावर घेऊन. मंडळातल्या पोरांना पोहायला त्यांनीच शिकवलं. पण त्यांची एक चिंधीही माझ्यात नव्हती. त्यांच्यातल्या सखुबाईच्या बापाने आमचंही कापड घ्या म्हणून विचारलं होतं. "बघू," असं उत्तर मिळालं. मग सखुबाईने विचारलं. तिलाही "बघू." तिचे केस पिकले तरी हे लोक बघतच होते. याला मी निर्लज्जपणा म्हणतो. सभ्य शब्द मला शिकवलेला नाही.

पुढे मंडळ फुटलं. गणपती विसर्जनाला मूर्तीभोवती मला धरत, तेव्हा माझं पुढचं टोक कुणी धरायचं, यावरून फुटलं.

"आमचे पणजोबा घोड्यावर होते," महूचे मालोजीराव म्हणाले.

"हो ना, आणि त्या घोड्याची दाणा-चंदी आमच्या पणजोबांनी मंजूर केली होती," पलासियाच्या बँकेतले अच्युतराव म्हणाले.

शेवटी शहाण्या माणसांनी शहाणा तोडगा काढला. मला मधोमध कापलं. घाटावर दोन खोल्या झाल्या, दोन पाट्या झाल्या, काचेच्या दोन पेट्या झाल्या. दोन्ही पेट्यांत मीच गुदमरत होतो. सणासुदीला मला हार घालायचे. बुडणाऱ्याला हाराचा काय उपयोग, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? पोहणाऱ्यांच्या मंडळात आता पोहतच कोण होतं?

गेल्या अनंत चतुर्दशीला मात्र दोन्ही मंडळांचं एका गोष्टीवर एकमत झालं. ड्रोनवाला येणार होता. भोयांचे मासेमारीचे डोंगे फोटोत वाईट दिसतात, म्हणून ते पलीकडच्या काठाला लावायला सांगितले.

"भिया, कुणी बुडालं तर तुमचा ड्रोन काढेल का बाहेर?" सखुबाईने इंदुरी ढंगात विचारलं. सगळे हसले.

मालोजीरावांची मुलगी विनीता मूर्तीबरोबर पाण्यात उतरली. तिच्या पायाखालचा गाळ सरकला. सांडव्याकडे पाण्याला जबर ओढ होती. बघता बघता ती लांब गेली आणि पाण्यात बुडालेल्या बाभळीची फांदी धरून राहिली. घाटावर फेटे बांधलेली माणसं नुसती उभी होती. डोंगे पलीकडच्या काठाला होते आणि त्या ओढीत पोहून जाणं भोयांनाही जमलं नसतं.

मालोजीरावांनी आपला अर्धा दोर आणून फेकला. तो फारच अलीकडे पडला.

"अच्युत, तुमचा द्या. जल्दी."

"चावी पलासियाला राहिली, ऑफिसात."

"अरे, माझी पोरगी आहे ती."

अच्युतरावांनी ताटातला न सोललेला नारळ उचलला आणि पेटीवर घातला. काच फुटली, हातही कापला. त्यांनी मला बाहेर ओढलं. दोन्ही टोकं जोडायला गेले, तर गाठ बसेना. काचेत राहून मी लाकडासारखा ताठ झालो होतो.

सखुबाईचं निळं नऊवारी लुगडं घाटाच्या दगडावर वाळत होतं. तिने ते ओढलं, भिजवलं, पिळलं आणि माझ्या दोन तुकड्यांच्या मध्ये बांधलं. अच्युतरावांनी तोच नारळ माझ्या टोकाला बांधून प्रवाहात सोडला. नारळ डुलत डुलत विनीतापर्यंत गेला. तिने मला कमरेला गुंडाळलं आणि फांदी सोडली.

मग सगळ्यांनी ओढलं. मित्रांनो, तो ताण मी कसा सांगू? घोडेवाले, दफ्तरवाले, भोई, सगळ्यांचे हात माझ्यावर होते. टोक कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. माझ्यातले मेलेल्या माणसांचे फेटे ताणले गेले, सुभेदाराचा कमरबंद करकरला, आणि मधलं ते निळं लुगडं दोन्हीकडचा भार पेलून धरत होतं. मी एवढा जुना, पण एवढी ताकद माझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. विनीता घाटाला लागली तेव्हा मालोजीरावांनी तिला पायरीवर ओढून घेतलं.

रविवारी दोन्ही मंडळांची एकत्र सभा भरली. मी लुगड्यासकट मालोजीरावांच्या शाबूत पेटीत परत गेलो होतो. "लुगडं तर नुसतं बांधलेलं आहे, पीळ कुठे भरलाय?" एकाने शंका काढली.

"मतलब, माझी पोरगी परत पाण्यात सोडू का?" मालोजीराव म्हणाले. ते स्वतः उठून सखुबाईच्या दारात गेले. अच्युतराव हाताला पट्टी बांधून मागे उभे.

"सखुबाई, घाटावर या. पीळ भरायचाय. तुम्ही मंडळात आलात."

सखुबाई मासे निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बघू," म्हणाली.

दोघं उभेच राहिले. निवडलेले मासे टोपलीत टाकून ती म्हणाली, "पहिले डोंगे घाटावर आणा. आणि त्या बिचाऱ्याला काचेतून काढा."

डोंगे आले. ते दोघांनीच वल्हवत आणले, वाकडेतिकडे. दुसरी पेटीही गेली. मग सखुबाई घाटावर बसली आणि तिने आपल्या लुगड्याचा पीळ माझ्यात भरला. बापाचं नाव घेऊन भरला.

आता मी घाटावरच्या खुंटीवर असतो, कुणाचाही हात पोचेल असा. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, मंडळात माझ्यासारखं काही काचेत ठेवलेलं असेल तर ते बाहेर काढा. वापरा, मळवा, धुवा. आणि दाराशी कुणी उभं असेल तर त्याला "बघू" म्हणू नका. काल पोरांनी मला पाण्यात भिजवलं. माझ्यातलं निळं कुठून सुरू होतं ते मी शोधत होतो. सापडलं नाही.