मेनाशेच्या फोटोतला डाग

"सरक जरा, उजेड अडवतोयस," मेनाशे म्हणाला.

मी कॉफीचे पेले टेबलाच्या कडेला ठेवले आणि सरकलो. खालून दिवा लावलेल्या काचेवर त्याने कालच्या फोटोची निगेटिव्ह ठेवली होती, जुन्या पद्धतीची, तळहाताएवढी मोठी. डोळ्याला भिंग, हातात माझ्याच दुकानातलं दाढीचं पातं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्वातंत्र्यदिन होता. सगळं बेरशेबा शहर बागांमधून शेगड्या पेटवून मांस भाजत बसलं होतं आणि त्या धुराचा वास आमच्या जुन्या बाजारापर्यंत येत होता. अशा दिवशी ज्यांना कुणी बोलावत नाही ते दुकान उघडतात. मेनाशेचं फोटोचं दुकान उघडं होतं, आणि समोरचं माझं न्हाव्याचं. माझी मुलं तेल अवीवला असतात. त्यांच्याकडे गॅलरीत शेगडी ठेवायला जागा नाही असं ती म्हणतात, आणि मीही मानून घेतो.

"परत आला बघ," मेनाशे म्हणाला. "तोच डाग, त्याच जागी. कॅमेऱ्याचा भाता दोनदा बदलला, तरी कुठून तरी उजेड झिरपतोच."

"कॅमेरा म्हातारा झालाय. तुझ्यासारखाच झिरपायला लागलाय."

"तू तुझ्या वस्तऱ्याचं बघ. मागच्या आठवड्यात त्या पोस्टमनचा कान थोडक्यात वाचला."

तो वाकून निगेटिव्ह खरवडू लागला. पात्याच्या टोकाने, श्वास रोखून, धूळ उडवल्यासारखं. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरीच्या गालावरचा तीळ तो असा काढायचा की पुढे नवऱ्याला खऱ्या तिळाचंच आश्चर्य वाटावं.

हा फोटो म्हणजे आमच्या चौकाची वर्षाची हजेरी. स्मृतिदिनाला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, लढायांत गेलेल्यांसाठी भोंगा वाजतो आणि दोन मिनिटं सगळे जागच्या जागी थांबतात. बस थांबते, माणसं गाड्यांतून उतरून उभी राहतात, माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक गळ्यातलं फडकं घेऊनच फुटपाथवर येतं. भाजी विकणारी बेदुईन अरब बाई तेवढी सावलीत बसून राहते, तिला कुणी काही म्हणत नाही. मेनाशे तेव्हा दुकानाच्या वरच्या बाल्कनीत असायचा. वर्षभर माणसं हलत असतात, तो म्हणायचा, ही एकच वेळ अशी की सगळा गाव फोटोसाठी बसल्यासारखा स्थिर असतो. म्हणून भिंगावर काळी काच लावून तो झडप बराच वेळ उघडी ठेवायचा. पार टोकाच्या माणसाच्या सदऱ्याची बटणंसुद्धा दिसायची. फक्त झेंडे हलतात म्हणून तेवढे पुसट यायचे. झडप उघडली की तो स्वतः डोळे मिटून ताठ उभा राहायचा. कामाच्या नावाखाली उभं राहणं चुकवलं असं त्याला कुणी म्हणायला नको होतं.

मग त्याचा मोठा फोटो काचेच्या खिडकीत वर्षभर लागलेला असे. लोक येऊन स्वतःला शोधत, आपलं पोट बघून मेनाशेच्या कॅमेऱ्याला दोष देत. कोण नाही तेही तिथेच कळे. मसालेवाला झखारिया वारला त्या वर्षी त्याच्या दारात जावई उभा दिसला. औषधांच्या दुकानाच्या पायरीपाशी मेनाशेची बायको मार्सेल उभी असायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, ती जागा मोकळी आहे.

मार्सेल एकाही फोटोत धड आली नाही. अख्खा चौक लख्ख, आणि ही बया तेवढी दोन नाकांची. दरवर्षी त्यावरून भांडण. "सगळा देश उभा राहतो, तुलाच काय मुंग्या चावतात?" हा ओरडायचा. "चावतात," ती म्हणायची आणि हसून भांडी घासायला घ्यायची. आता तो ते जुने फोटो काढून बसतो, भिंग लावून. दोन नाकांपैकी खरं कुठलं ते शोधत असावा. मी विचारत नाही.

हा फोटो शेवटचा होता. त्याचे गुडघे जिना चढेनात, त्या मापाची फिल्म मिळेना, आणि दुकान मोबाइलवाल्याने घेतलं होतं. तसं त्याने सगळ्यांना सांगितलंही होतं. लोक "अरेरे" म्हणाले आणि झेंडे विकत घ्यायला निघून गेले.

दाराची घंटा वाजली. अवनेरची आई आत आली.

तिचं नाव नझीमा. पण तिला त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मेनाशेसारखीच ती बगदादकडची, त्यांच्यात बाईला मोठ्या मुलाच्या नावाने ओळखायची पद्धत. अवनेर लेबनॉनच्या लढाईत गेला तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतरही ती अवनेरचीच आई राहिली, दुसरं म्हणणार तरी काय. स्मृतिदिनाला ती पहिल्या बसने लष्कराच्या स्मशानात जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे अकराच्या भोंग्याला ती तिथेच, मंत्र्यांच्या खुर्च्यांमागे कुठे तरी बसली असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

"या, अवनेरची आई, बसा," मेनाशे उठत म्हणाला. "कॉफी घेणार? अमरामने केलीय, वेलदोडे विसरलाय, पण गरम आहे."

"बसायला नाही आले, भाऊ." ती दारापाशीच उभी राहिली. "हा शेवटचा फोटो म्हणे."

"हो."

"मग विचारूनच टाकते. दरवर्षी मी तुमच्या खिडकीत बघते. सगळे असतात. तो पोस्टमन असतो, औषधवाला असतो, हा अमराम असतो पोट पुढे काढून. मी का नसते?"

मेनाशेने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्या वेळी तिकडे असता ना, अवनेरपाशी."

"तिकडून मी नऊलाच परत येते. बँड सुरू झाला की मला तिथे थांबवत नाही. मी इथे असते, चौकात."

"कुठे उभ्या असता?"

"उभी नसते," ती म्हणाली. "चालते."

मला आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलं. भोंगा वाजत असताना या देशात कुणी चालत नाही. एकदा एक परदेशी प्रवासी चालत राहिला तर बसच्या ड्रायव्हरने त्याला डोळ्यांनीच जागेवर उभा केला होता. आणि ही, जिच्यासाठी आम्ही उभे राहतो, तीच चालत होती?

"मसाल्याच्या दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत," ती म्हणाली. "भिंतीच्या कडेने. कुणी बघत नाही. सगळे मान खाली घालून असतात."

मेनाशेच्या हातातलं पातं टेबलावर पडलं. तो खाली बसला. त्याने भिंग डोळ्याला लावलं, निगेटिव्हवर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मलाही तेव्हा उमगलं. तो डाग भिंतीच्याच कडेने होता. सावलीतल्या भिंतीवर, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, मसाल्याच्या दुकानापासून सुरू होणारा फिकट पट्टा. स्मृतिदिनाला सगळेच पांढरा सदरा घालतात, ती आत्ताही पांढऱ्यातच होती.

"तुम्हीच आहात ही," मेनाशे म्हणाला. "मी... मला वाटायचं कॅमेरा बिघडलाय. दरवर्षी खरवडून काढत होतो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"परत आणता येईल?"

"नाही. खरवडलं की गेलं."

मी पेल्यातल्या कॉफीकडे बघत होतो. पाती मीच पुरवली होती. गुळगुळीत, नवीकोरी, मित्र म्हणून फुकट.

ती मग बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि जणू दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगितलं. "शेवटची सुट्टी संपली तेव्हा त्याला बसपर्यंत सोडायला निघाले होते. मसाल्याच्या दुकानाशी माझा पाय मुरगळला. तो म्हणाला, आई, तू थांब इथेच, उन्हात कशाला येतेस. मी थांबले. तो औषधाच्या दुकानापर्यंत दिसला, मग वळला. पहिल्या वर्षी भोंगा वाजला तेव्हा नेमकी तिथेच होते. सगळे थांबले. मला वाटलं, परत थांबू? एकदा थांबले ते पुरे नाही झालं? मग चालायला लागले त्याच्यामागे. तेवढंच अंतर आहे. रोज गर्दी असते, धक्के लागतात. त्या दोन मिनिटांत सगळे वाट सोडून उभे असतात."

"कुणालाच ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"मार्सेलला होतं." ती मेनाशेकडे वळली. "ती त्या पायरीपाशी असायची ना. मी जवळ आले की मान वर न करता बाजूला सरकायची, मला भिंत सोडावी लागू नये म्हणून. एकदासुद्धा काही बोलली नाही. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

मेनाशेने मान हलवली. मग त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पुसला. मी माझ्या मित्राला बायकोच्या मातीला रडताना पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं. आम्ही दोघांनी खिडकीकडे बघायचं ठरवल्यासारखं खिडकीकडे बघितलं.

"यंदाचं काही राहिलंय का?" शेवटी तिने विचारलं.

"अर्धं राहिलंय," मेनाशे म्हणाला. "औषधाच्या दुकानाकडचं गेलं. सुरुवातीचं आहे."

"मग तेवढं ठेवा. मला एकदा बघायचंय. लोकांना सांगू नका पण. येऊन हात धरतील, डबे आणतील. मला ते नको."

त्याच दुपारी त्याने काळोख्या खोलीत फोटो छापला, खिडकीएवढा मोठा. मी दुकान बंद करून त्याच्याजवळ बसून होतो. पाण्यात कागद हलत होता आणि हळूहळू चौक उमटत होता, आधी झेंड्यांचे फराटे, मग बस, मग माझं पोट. भिंतीवरचा फिकट पट्टा सगळ्यात शेवटी आला. त्यात चेहरा नव्हता, हात नव्हते. खाली चपलेसारखं काही तरी होतं, तेही आपण मानलं तर. मध्यावर येऊन तो संपत होता, पुढे कोरी भिंत.

दुसऱ्या दिवशी फोटो खिडकीत लागला. लोक आले. पोस्टमनला कान दिसला, त्याने तो मला दाखवला. औषधवाला म्हणाला, "मेनाशे, शेवटच्या फोटोत डाग ठेवलास? नजर गेली तुझी."

"गेलीच होती," मेनाशे म्हणाला.

ती तिसऱ्या दिवशी आली, भाजीची पिशवी घेऊन. मी समोरून बघत होतो. काचेपाशी बरीच गर्दी होती, ती गर्दी हटेपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग पुढे झाली. बोट लावलं नाही, वाकली नाही, फक्त बघितलं, आपण आपलं घर लांबून बघतो तसं. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि निघाली. मेनाशे आतल्या पडद्यामागे उभा होता. तो बाहेर आला नाही, तेही बरंच केलं.

हिवाळ्यात भिंतींवर काळ्या चौकटीचं मृत्यूचं पत्रक लागलं. त्यावर तिचं नाव छापलं होतं, नझीमा, आणि निम्म्या बाजाराला ते वाचून कोण गेलं ते कळेना. मीच सांगत सुटलो, अवनेरची आई, अवनेरची आई. सात दिवस सुतकात बसायला हैफाहून एक भाची आली होती. मेनाशे तो खिडकीतला फोटो गुंडाळून तिच्याकडे घेऊन गेला. भाचीने उलगडून पाहिला, यात मावशी कुठे आहे असं विचारलं. त्याने दाखवलं. ती "अच्छा" म्हणाली. त्याने फोटो परत आणला नाही, पण तिने तो कुठे ठेवला असेल याबद्दल मला फारशी आशा नाही.

वसंतात मोबाइलवाल्याने खिडकीत रंगीत दिवे लावले. बाल्कनीत आता त्याच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग असतो. स्मृतिदिन आला. मी दारात उभा होतो, गिऱ्हाईक शेजारी. भोंगा सुरू झाला आणि सगळ्यांनी मान खाली घातली. मीही घातली. मग वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच केली असेन.

मसाल्याच्या दुकानापासून मेनाशे चालत येत होता. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. भिंतीला एक हात टेकवत, दर पावलाला गुडघा सांभाळत. सगळा चौक थिजलेला आणि त्यात तो एकटाच हलत होता. फोटो घ्यायला वर कुणी नव्हतं. भोंगा उतरत गेला आणि थांबला, तेव्हा तो जेमतेम अर्ध्यावर आला होता, गेल्या वर्षी पातं जिथे थांबलं होतं साधारण तिथे. बस सुरू झाली, माणसं गाड्यांत बसली, कुणीतरी हॉर्न दिला. लोक पुन्हा धक्के देत चालू लागले. तो भिंत न सोडता पुढे चालतच राहिला.

गिऱ्हाईक म्हणालं, "चल, अमराम, आत जाऊ." मी त्याला जरा थांबायला सांगितलं, आणि मेनाशे औषधाच्या दुकानापाशी पोचून वळेपर्यंत बघत राहिलो.