शेळी पुन्हा येते

“मागे बघतच नाही लेकाचा,” नाना पुटपुटले. मिठाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये एक नवरदेव ताठ उभा होता, मागून शेळी येत होती, तिनं त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार ओढला — नाना खळखळून हसले — आणि नवरदेव पुन्हा ताठ, शेळी पुन्हा येतेय.

सासऱ्यांसमोर सुचेता मेथी निवडत होती. भोपाळच्या बिट्टन मार्केटची मेथी, निम्मी मातीच. दोन काड्यांच्या मध्ये तिनं स्वतःच्या मोबाइलवर कुणाचं तरी स्वयंपाकघर पाहिलं, कुणाचे तरी दुखरे गुडघे, कुणाचं तरी भांडण… शेवट एकाचाही माहीत नाही. लेकीचा, जुईचा अंगठा तर दोन सेकंदही दम धरत नाही. घरात लक्ष टिकलंय ते एकट्या नानांचं, असं तिचा नवरा सत्यजित कौतुकानं सांगायचा. पिपलानीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं टर्बाइनच्या पात्यांवरचे चरे शोधलेला माणूस, उगीच का? आणि परवा नानांना कोटऱ्यातली आपलीच गल्ली सापडेना, तेव्हाही तोच म्हणाला, मोबाइलमुळे, दुसरं काय, सगळ्यांचंच झालंय तसं. केवढं बरं वाटलं होतं सगळ्यांना! आपलं नाही का दूध उतू जात…

चौथ्यांदा हसले. पाचव्यांदा. सुचेता मोजायला लागली, आणि आपण मोजतोय याची तिला जरा लाजही वाटली. पण शिळं कसं होत नाही हे हसू? एवढं रमून बघता येतं एखाद्याला? दर वेळी हसण्याआधी त्यांच्या भुवया वर जात होत्या, पहिल्यांदाच काही बघताना जातात तशा — दर वेळी पहिल्यांदाच — म्हणजे हे लक्ष नव्हे, हे तर… पुढचा शब्द तिनं मनातही येऊ दिला नाही. हात तेवढा थांबला.

नानांनी वर पाहिलं. “तू हसत नाहीस. आधी पाहिलंयस?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“हो, नाना.”

“आणि मी?”

तिनं त्यांचा मोबाइल पालथा घातला. नवरदेवाचा बँड खालून वाजतच राहिला, बारीक, गुदमरलेला. तिला वाटलं, आता हे चिडतील, किंवा विषय बदलतील, किंवा चहा मागतील; आणि चहाच मागू देत, असंही वाटलं.

“तुम्हीही,” ती म्हणाली.

नानांनी एक काडी उचलली, तिची पानं एकेक करून खुडली, देठ बाजूला ठेवला.

“मोबाइलला कशाला दोष देता तुम्ही सगळे, बेटा,” ते म्हणाले. “मीच विसरायला लागलोय.”