आनंदाबाईला सिंदीला नेलं तो दिवस

पंचफुलाच्या घरातली दोन माणसं चार दिवसांत गेली. सोमवारी नवरा जयवंता, गुरुवारी नऊ वर्षांची मैना. त्रेपन्न सालचा वैशाख होता. गावात पटकीची साथ शिरली होती आणि रडायलाही कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. ज्यांच्या शेतात राहण्याजोगी झोपडी, खोपडी होती त्यांनी बिऱ्हाडं तिकडे हलवली. पंचफुलाचा दीरही बैलबंडी घेऊन निघून गेला. मागे उरल्या दोघीच, ती आणि तिची सासू आनंदाबाई.

पंचफुलाचा पाय घरात ठरेना. चुलीवर आधण ठेवून ती विहिरीवर जायची आणि रिकामीच घागर घेऊन परत यायची. अंगण झाडता झाडता झाडू टाकून पांदणीच्या वाटेने शेताकडे निघायची. शेतात काम काहीच नव्हतं. तिथून पुन्हा घरी. डोळ्यांत मात्र टिपूस नाही.

त्यात सासूचं वागणं तिला सोसवेना. सुतकामुळे म्हातारी मरीमायला, त्या पटकीच्या देवीला, पाणी घालत नव्हती, पण रोज सकाळी तिच्या गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन लांब बसून यायची. लेक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली, नात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

शुक्रवारी पंचफुलाचा तोल गेला. "तुमचा लेक नेला तिनं, माही पोर नेली. अजून काय मागून राह्यल्या तिले?"

"मागाचं होतं तेव्हा मागलं, पोरी," आनंदाबाई म्हणाली. "आता एवढं दुःख मले एकटीले नाई उचलत. म्हून तिच्यापाशी जाऊन बसतो."

"मले नाई बसवत."

"मंग उभी राह्य. पण जाय."

पंचफुला गेली नाही. त्याच संध्याकाळी गावात खबर आली, की सिंदीच्या शाळेत सरकारी डॉक्टर आला आहे. शिरेतून मिठाचं पाणी देतो, वेळेवर नेलं तर माणूस वाचतं. खबर एकच दिवस उशिरा आली होती. पंचफुला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

शनिवारी दुपारी आनंदाबाईला उलट्या सुरू झाल्या. घटकाभरात डोळे खोल गेले, पायांत गोळे आले. पंचफुलाला पुढचं सगळं पाठ होतं. ती धावत बंडूजीकडे गेली. गावात बंडी आता त्याच्याकडेच होती.

"बंडी देली तर माह्या घरात रोग येईन," तो दाराच्या फटीतून म्हणाला. "मले लेकरं आहेत, वहिनी."

पुढची दोन्ही घरं कुलपात. पळता पळता ती मरीमायपुढे येऊन थांबली. सुतकाचं भान तिला राहिलं नव्हतं. तिने दगड उचलला आणि ओरडली, "घे, हिलेबी घे!"

स्वतःचाच आवाज ऐकून ती घाबरली. दगड हातातून गळला, गुडघे टेकले, आणि पाच दिवसांचं रडू एकदम फुटलं.

"माय," ती शेवटी म्हणाली, "माहे दोघं परत मागत नाई. तुह्यावर राग आहे, तो राहीन. पण सिंदीपावतर माह्या पायांत राह्य. दुसरं कोणी नाई मले."

काही झालं नाही. कडुनिंबाचं पानही हललं नाही. पंचफुलाने पदराने तोंड पुसलं आणि ती सरळ घरी गेली.

म्हातारीला तिने पाठीवर घेतलं. ती दारावरून जाताना बंडूजीने आतून धोतर फेकलं. "पाठीशी बांधून घ्या. हात मोकळे राह्यतीन." तेवढंही त्या दिवशी पुष्कळ होतं.

सिंदी दोन कोस. पहिल्या शेतापर्यंत म्हातारी पऱ्हाटीच्या काड्यांसारखी हलकी वाटली, पुढे जात्यासारखी जड झाली. पंचफुला माय म्हणायची आणि समोरच्या बाभळीपर्यंत जायची. तिथे टेकायची, म्हातारीच्या ओठांना पाणी लावायची, पुन्हा माय म्हणून उठायची. एकदा ती देवीला शिवीही देऊन बसली, आणि तिच्याच नावाने पुढचं पाऊल टाकलं.

"ठेव मले," आनंदाबाई पुटपुटली. "तू जाय."

"गप राह्या, आत्याबाई. मले बोलाले दम नाई."

दिवस कलता कलता ती शाळेत पोचली. डॉक्टरांनी बाटली टांगून सुई लावली. पंचफुला भिंतीला टेकून बघत होती.

"डॉक्टरसाहेब," तिने विचारलं, "माही पोर आणली असती तर?"

डॉक्टरांनी बाटलीची नळी सरळ केली. "सांगता येत नाही, बाई."

तिला तिथून पळत सुटावंसं वाटलं. दारापर्यंत ती गेलीसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या चटईवरच्या माणसाने पाणी मागितलं. त्याच्याजवळ त्याचं कुणीच नव्हतं. पंचफुला दारात घुटमळली. मग "माय" म्हणत वळली आणि उकळलेल्या पाण्याच्या हंड्यातून पेला भरून घेतला.

आनंदाबाई तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि पेज मागू लागली. म्हातारी सावरली तरी पंचफुला आणखी नऊ दिवस तिथेच राहिली. कुणाला पाणी पाजत, कुणाची घाण काढत. त्या चटयांवरची सात माणसं तिच्यासमोर गेली, बाकीची आपापल्या घरी परतली.